टुंड्रावरची चाकोरी: दोन हिवाळे आणि पुढची पंचवीस वर्षं

पार्श्वभूमी

अलास्काच्या ईशान्य कोपऱ्यात, दक्षिणेला ब्रुक्स पर्वतरांग आणि उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्र यांच्यामध्ये एक किनारी पट्टा आहे. पश्चिमेला कॅनिंग नदी, पूर्वेला आयचिलिक, आणि मध्ये सुमारे १५ लाख एकर टुंड्रा. नदीकाठची विलोची झुडपं सोडली तर गुडघ्याच्या वर जाणारी वनस्पती इथे शोधावी लागते. पॉर्क्युपाइन या नावाने ओळखला जाणारा कॅरिबूंचा (रेनडियरच्या जातीच्या हरणांचा) मोठा कळप विण्यासाठी बहुतेक वर्षी इथे उतरतो. किनाऱ्यालगतच्या बेटावर काक्तोविक हे इनुपियात लोकांचं गाव आहे.

हा पट्टा आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्याचा भाग. डिसेंबर १९८० मध्ये अलास्कातल्या सार्वजनिक जमिनींबद्दल अमेरिकेत जो मोठा कायदा झाला, त्याच्या १००२ व्या कलमाने या पट्ट्याचा निर्णय पुढे ढकलला. इथल्या वन्यजीवनाची पाहणी करा, जमिनीखाली तेल किती असेल त्याचाही अंदाज घ्या, मग काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ठरवील, असं त्या कलमाचं सांगणं होतं. तेलाचा अंदाज घ्यायचा तर भूकंपलहरींचं सर्वेक्षण आलंच. जमिनीत भोकं पाडून स्फोट करायचे किंवा जड ट्रकने जमीन थरथरवायची, आणि खोलवरच्या खडकांवरून परत आलेल्या लहरी नोंदवायच्या. १९८४ आणि १९८५ च्या हिवाळ्यांत हे काम झालं. सर्वेक्षणाच्या रेषा सुमारे २,००० किलोमीटर भरल्या. माणसांचे राहण्याचे कॅम्प एका जागेहून दुसऱ्या जागी ओढून नेताना पडलेल्या वाटाही जवळजवळ तेवढ्याच.

कंत्राटदार, गाड्यांचे चालक आणि बरोबर फिरणारे निरीक्षक यांची नावं इथे दिलेली नाहीत. जागा, वर्षं आणि आकडे सार्वजनिक नोंदींतले आहेत.

पुढे जाण्याआधी एक सोय करून घेतो. मराठीत आकाशातून पडतो तोही बर्फ आणि जमिनीत साठलेला तोही बर्फच. या प्रकरणात दोघांचं काम नेमकं उलट आहे, म्हणून वरच्याला ‘हिम’ आणि जमिनीतल्याला ‘बर्फ’ म्हणतो.

जमीन कशी आहे

या पट्ट्यात जमीन शेकडो मीटर खोलपर्यंत बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात फक्त वरचा थर सुटतो, साधारण हात-दीड हात. मुळं, किडे, कुजणं, पाण्याचं वाहणं, जे काही जिवंत आहे ते सगळं या थरात. त्याच्या खाली अनेक ठिकाणी जमिनीत शिरलेल्या बर्फाच्या पाचरी असतात. हिवाळ्यात जमीन आकसून भेगा पडतात, वसंतात त्यांत पाणी उतरतं आणि गोठतं. शेकडो-हजारो वर्षं हे चालत राहिल्यावर पाचर मीटर-मीटर रुंद होते.

त्या बर्फाला उन्हाळ्यापासून वाचवतं ते वरचं पांघरूण: मॉस, कुजत आलेली पानं आणि त्याखालचा काळा, स्पंजासारखा थर. म्हणून टुंड्रातल्या वनस्पतींबद्दल बोलताना झाडोरा एकीकडे आणि माती दुसरीकडे असं करता येत नाही. झाडोरा माती थंड ठेवतो, आणि माती थंड आहे म्हणून तोच झाडोरा तिथे टिकतो. यांतलं एक बिघडलं की दुसरं बिघडायला लागतं, आणि गाडी निघून गेल्यावरही ते थांबत नाही. हे प्रकरण पंचवीस वर्षं पुरलं ते याच कारणाने.

अडचण

गोठलेल्या जमिनीवर उन्हाळ्यात जड गाडी नेली तर काय होतं, हे १९८४ पर्यंत अलास्कात कुणाला नव्याने सांगावं लागत नव्हतं. पश्चिमेकडे नौदलाच्या तेलराखीव क्षेत्रात १९४० च्या दशकात उन्हाळ्यातही पट्ट्यांची वाहनं, म्हणजे चाकांऐवजी रणगाड्यासारख्या साखळीपट्ट्यांवर चालणारी, फिरली होती, आणि त्या चाकोऱ्या कित्येक दशकांनंतरही विमानातून दिसत होत्या. १९६८-६९ च्या हिवाळ्यात तेलक्षेत्राकडे जाणारा एक रस्ता बुलडोझरने वरचा थर खरवडून काढला गेला. थंडीत त्यावरून ट्रक गेले. ऊन लागल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीतला बर्फ वितळला आणि रस्त्याचा बऱ्याच ठिकाणी चर झाला.

त्यामुळे उन्हाळ्यात जायचं नाही आणि खरवडायचं नाही, या दोन गोष्टी ठरलेल्याच होत्या. अडचण पुढची होती. हा किनारी पट्टा वाऱ्याचा आहे. हिम फार पडत नाही, आणि पडतं ते जागच्या जागी राहत नाही. उंचवट्यावरचं उडून खळग्यात जाऊन बसतं. एका ठिकाणी मांडीइतकं, तर शंभर पावलांवर बोटभर. या अशा उसनवारीच्या पांघरुणावरून हजारो किलोमीटर जड ट्रॅक्टर, ड्रिल आणि घसरगाड्यांवरचे कॅम्प न्यायचे, तर कुठे पुरेसं हिम आहे हे ठरवायचं कुणी आणि कसं?

समोरचे पर्याय

सर्वेक्षणच करू नये, हा पर्याय कायद्याने सर्वेक्षणाची वाट उघडल्यावर मागे पडला होता. तरी तो नोंदवायला हवा, कारण जमिनीच्या बाजूने बोलायचं तर तोच सगळ्यात स्वस्त होता.

दुसरा पर्याय हवेतून जाण्याचा. उन्हाळ्यात हेलिकॉप्टरने खडकांचे नमुने घेणं वगैरे कामं इथे झालीच. लहरींच्या सर्वेक्षणासाठी मात्र यंत्रं, स्फोटकं, माणसं आणि त्यांचे कॅम्प, सगळंच उचलून न्यावं लागलं असतं. खर्च आणि वेळ कित्येक पट, शिवाय खालून उडणाऱ्या हेलिकॉप्टरचा जनावरांना होणारा त्रास वेगळा.

तिसरा पर्याय ठरावीक वाटांवर पाणी ओतून बर्फाचे रस्ते करण्याचा. तेलक्षेत्रात विहिरीपर्यंत जायला ही पद्धत वापरतात आणि ती टुंड्राला बऱ्यापैकी सांभाळते. पण तिला पाणी लागतं, आणि या पट्ट्यात हिवाळ्यात तळापर्यंत न गोठणारी खोल तळी थोडी. विहिरीच्या एका रस्त्यासाठी जे जमतं ते हजारो किलोमीटरच्या जाळ्याला पुरणारं नव्हतं.

उरला चौथा: भर हिवाळ्यात, गोठलेल्या जमिनीवर, हिमावरून पट्ट्यांची वाहनं न्यायची, आणि प्रत्येक तुकडीबरोबर अभयारण्याचा निरीक्षक ठेवायचा. हाच निवडला गेला. माझ्या मते त्या वेळच्या माहितीवर हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. चुका झाल्या त्या याच्या आतल्या छोट्या निर्णयांत.

प्रत्यक्ष काय केलं

तुकड्या निघाल्या. बरोबरचे निरीक्षक हिमाची जाडी बघत, नदीकाठची झुडपं आणि उघडे उंचवटे टाळायला सांगत. सर्वेक्षणाची रेषा मात्र सरळ हवी असते. थोडी वाकवता येते, मोडता येत नाही. कॅम्पच्या वाटेला तसं बंधन नव्हतं. ती कुठूनही नेता येत होती.

त्याच वेळी अभयारण्याच्या शास्त्रज्ञांनी एक काम केलं, ज्याच्याशिवाय हे प्रकरण आज लिहिताच आलं नसतं. वाटेवर कायमचे चौकोन आखले आणि प्रत्येकाच्या शेजारी, गाडी न गेलेल्या तशाच जमिनीवर, जोडीचा चौकोन आखला. १९८४ ते २००२ या काळात या जोड्या सहा वेळा तपासल्या गेल्या: कोणती जात किती जागा व्यापते, उन्हाळ्यात जमीन किती खोल सुटते, माती किती खचली. शेजारचा चौकोन नसता तर दर वेळी ‘हे असंच असतं’ म्हणून वाद झाला असता.

पहिला उन्हाळा

हिम गेल्यावर काय दिसलं, ते एका ठोंबापाशी बसून बघू.

या पट्ट्याच्या डोंगराकडच्या भागात कॉटनग्रासचे ठोंब असतात. घट्ट, वीतभर उंच, पावलाखाली डुगडुगणारे. एकेक ठोंब शंभरी ओलांडलेला असू शकतो. हिम खळग्यांत भरतं आणि ठोंबाचा माथा जवळजवळ उघडा राहतो, त्यामुळे ट्रॅक्टरचा पट्टा पहिला घासतो तो माथ्यालाच. पण या वनस्पतीचे कोंब जुन्या पानांच्या वेढ्यात आत दडलेले असतात. माथा नुसता खरचटला तर दोन-तीन उन्हाळ्यांत नवी पाती वर येतात. ठोंब मुळापासून फाटला किंवा उलटला, तर त्याखालची काळी माती उघडी पडते. मग वर्षानुवर्षं मातीत पडून राहिलेलं कॉटनग्रासचं बी तिथे रुजतं. मोडलेल्या जागी पुन्हा तीच जात दिसते, पण शंभर वर्षांच्या ठोंबाच्या जागी बोटभर रोपं.

दोन ठोंबांमधल्या भागात नशीब वेगळं. तिथे मॉस असतं, आणि त्यात लेब्राडोर टी किंवा लिंगनबेरीसारखी बारीक सदाहरित झुडपं. कडाक्याच्या थंडीत त्यांच्या काड्या काचेसारख्या तुटतात. सदाहरित झुडपं आपली शिदोरी जुन्या पानांतच साठवतात, म्हणजे पान गेलं की पुढच्या उन्हाळ्याचं भांडवलही गेलं. खुजा विलो पानं दर वर्षी गाळतो आणि साठा खोडात-मुळांत ठेवतो, त्यामुळे मोडला तरी बुडातून फुटतो. लव्हाळ्याच्या कुळातल्या सेजचे कोंब तर मातीखालीच असतात. वरून पट्टा गेला तरी त्यांना फारसं कळत नाही. मॉस चिरडतं, सुटतं, वाऱ्याने जातं. दगडफुलाची गत त्याहून वाईट, कारण ते वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं.

उंचवट्यांवर, जिथे वाऱ्याने हिम टिकूच दिलं नव्हतं, तिथे ड्रायस या जमिनीलगत पसरणाऱ्या खुज्या झुडपाच्या चटया वाहनांच्या पट्ट्यांखाली थेट आल्या.

जमिनीवरच्या खुणांच्या आधारे नुकसानाची प्रतवारी शून्यापासून तीनपर्यंत ठरवली गेली. एक म्हणजे थोडं दबणं-मोडणं, दोन म्हणजे झाडोऱ्याचा चौथा ते अर्धा हिस्सा जाणं, तीन म्हणजे अर्ध्याहून जास्त जाऊन माती उघडी पडणं. विमानातून काढलेल्या छायाचित्रांवर वाटांचा सुमारे पाचवा हिस्सा तपासला, तेव्हा १४ टक्के वाटेवर काहीच खूण नव्हती, ५७ टक्के पहिल्या पातळीत, २७ टक्के दुसऱ्या आणि २ टक्के तिसऱ्या पातळीत होती.

२ टक्के ऐकून हायसं वाटतं. पण मूळ वाट चार हजार किलोमीटरची होती, हे बाजूला ठेवून तो आकडा वाचू नये.

निर्णयाचा पहिला टप्पा: सरासरी हिम

हिम आणि नुकसान यांचा हिशोब नंतर मांडला गेला. ठोंबांच्या टुंड्रात २५ सेंटिमीटर हिम असेल तिथे मध्यम नुकसान होत नव्हतं. ओलसर सेज आणि झुडपांच्या टुंड्रात तीच हमी मिळायला ३५ सेंटिमीटर लागत होते. हलकं नुकसान मात्र याहून कितीतरी जाड हिमातही आढळलं, दुसऱ्या प्रकारात तर ७० सेंटिमीटरच्या आसपासपर्यंत.

यातून दोन गोष्टी निघतात. वनस्पतींच्या प्रकारानुसार उंबरठा बदलतो, म्हणून सगळ्या पट्ट्याला एकच आकडा लावणं चूक. आणि सरासरी हा शब्दच इथे फसवा आहे. वाटेवर सरासरी पुरेसं हिम असलं तरी गाडी सरासरीवरून जात नाही. ती उंचवट्यावरून जाते, मग खळग्यातून, मग पुन्हा उंचवट्यावरून. सगळं नुकसान त्या पातळ जागांवर होतं आणि सरासरी त्याच जागा झाकते. पश्चिमेकडच्या राज्याच्या जमिनीवर पुढे जे नियम आले त्यांत किनाऱ्याजवळ सुमारे १५ आणि पायथ्याच्या टेकड्यांत सुमारे २३ सेंटिमीटर हिम, आणि फूटभर खोलीवर उणे ५ अंश सेल्सिअस, अशी अट आहे. भूप्रकारानुसार वेगळे आकडे आणि मातीचं तापमान, ही सुधारणा खरीच आहे. आकडे मात्र वरच्या उंबरठ्यांच्या खालीच राहतात.

निर्णयाचा दुसरा टप्पा: कॅम्पची वाट

मला सगळ्यात जास्त खुपणारा भाग हा आहे. सर्वेक्षणाच्या रेषेला सरळ जाण्याची सक्ती होती, कॅम्पला नव्हती. तरीही जास्त आणि जास्त टिकाऊ नुकसान कॅम्पच्या वाटांवरच झालं.

कारण चालवण्याच्या पद्धतीत आहे. एक जड ट्रॅक्टर, त्यामागे एकाला एक जोडलेल्या घसरगाड्या. त्यामागे दुसरी माळ, तिसरी. पहिल्याने हिम दाबून दिलेलं असतं, म्हणून मागचा साहजिकच त्याच चाकोरीत शिरतो. चालकाच्या दृष्टीने ते शहाणपणाचं आहे. पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला हिमाची उशी उरत नाही आणि पट्टा थेट झाडोऱ्यावर येतो. अरुंद, एकावर एक पडलेल्या चाकोऱ्यांत नुकसान जास्त आणि पसरलेल्या वाटेत कमी, असं छायाचित्रांतून दिसलं.

याचा अर्थ गाड्या नेहमी पसरून चालवाव्यात असा काढता येतो, आणि बहुतेक जागी तो बरोबरही आहे. पण ज्या उंचवट्यावर हिमच नाही तिथे पसरणं म्हणजे नुकसान रुंद करणं. तिथे वळसा घालणं हाच मार्ग, आणि कॅम्पच्या वाटेला वळसा घालणं शक्य होतं.

निर्णयाचा तिसरा टप्पा: पेरायचं की सोडायचं

उघड्या पडलेल्या पट्ट्यांवर गवताचं बी आणि खत टाकायचं का? उत्तर अलास्कात इतरत्र, पाइपलाइन आणि खडीच्या जागांच्या आसपास, बाहेरून आणलेल्या गवतांच्या जाती पेरल्या गेल्या होत्या. जमीन चटकन हिरवी होते आणि कागदावर काम पूर्ण होतं. पण दाट गवत आणि त्याचा वाळका कचरा स्थानिक रोपांना जागा देत नाही. इथे वाटा निसर्गावर सोपवल्या गेल्या. तो निर्णय मला पटतो: स्थानिक बी मातीत होतं, मुळं जिवंत होती, आणि जिथे खाली बर्फ वितळत होता तिथे वर काहीही पेरून तो थांबणार नव्हता.

परिणाम

हलक्या नुकसानीच्या वाटा बहुतेक भरून आल्या. दहा वर्षांत सुमारे ९० टक्के लांबी सावरली. २००९ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, सुमारे ५ टक्के अजूनही बिघडलेली होती, आणि त्यात कॅम्पच्या वाटांचा वाटा मोठा. ५ टक्के म्हणजे साधारण २०० किलोमीटर.

कोणत्या वाटा राहिल्या याचा माग काढला, तर तो गाडीपेक्षा जमिनीकडेच जातो. नदीकाठच्या खडीच्या जमिनीत बर्फ कमी असतो. तिथे वाट सुरुवातीला पार उद्ध्वस्त दिसली तरी पुढे चांगली सावरली. उंचावरच्या, बर्फाने गच्च भरलेल्या बारीक मातीवर मध्यम नुकसानही रेंगाळलं. तिथे मॉसचं पांघरूण गेलं, काळी माती जास्त तापली, जमीन जास्त खोल सुटली, आतला बर्फ वितळला आणि वाट खचली. खचलेल्या जागी पाणी साचलं. साचलेलं पाणी आणखी ऊन धरतं. मग तिथे ओल सोसणाऱ्या सेज येतात, आणि पूर्वीच्या सदाहरित झुडपांना परतायला जागाच राहत नाही.

एक गोष्ट बघणाऱ्याला हमखास चकवते. जुलैत विमानातून पाहिलं तर काही जुन्या वाटा आजूबाजूपेक्षा जास्त हिरव्या दिसतात. माती उबदार झाली की कुजणं वाढतं, अडकून पडलेलं नायट्रोजन आणि फॉस्फरस मोकळं होतं, आणि कॉटनग्रास-सेज जोमाने वाढतात. हिरवळ खरी आहे, उत्पादनही वाढलेलं असू शकतं. पण जोडीच्या चौकोनाशी ताडून पाहिलं तर गवतवर्गीय वाढले आहेत, मॉस आणि सदाहरित झुडपं घटली आहेत, आणि ती दोन दशकांतही परत आलेली नाहीत. हिरवेपणा मोजून ही वाट सावरली असं लिहिलं असतं, तर ते मापही बरोबर आणि निष्कर्ष साफ चुकीचा ठरला असता.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, जमिनीतल्या बर्फाचा नकाशा. हिमाची जाडी मोजणारे निरीक्षक होते, पण नुकसान किती टिकेल हे ठरवणारी गोष्ट हिमाखाली, मातीखाली होती. पाचरींमुळे जमिनीवर उमटलेले बहुकोन उन्हाळ्यातल्या हवाई छायाचित्रांत दिसतात. आदल्या उन्हाळ्यात ते टिपून, बर्फाळ उंचवटे आणि ड्रायसचे माथे कॅम्पच्या वाटांतून आधीच वगळता आले असते.

दुसरं, सरासरीऐवजी सगळ्यात पातळ जागेचा नियम. वाटेवरच्या सर्वांत कमी हिमाच्या ठिकाणी उंबरठा पाळला जात नसेल तर ती वाट बंद. यात दिवस वाया जातात, कॅम्प अडकून पडतात, पैसे जातात. पण कॅम्प आठवडाभर अडकला तर हिशोब त्याच हिवाळ्यात मिटतो.

तिसरं, ‘सावरलं’ म्हणजे काय, ते गाड्या निघण्याआधी लिहून ठेवणं. झाडोऱ्याचं आच्छादन, जातींची घडण, उन्हाळ्यात सुटणाऱ्या थराची खोली, पृष्ठभागाची उंची, या चारही गोष्टी जोडीच्या चौकोनाच्या बरोबरीला आल्या तरच ती वाट भरली असं म्हणायचं. त्या शास्त्रज्ञांनी हे सगळं मोजलं होतं म्हणूनच आज वाद घालता येतो. परवान्याच्या अटींत ते असतं तर अंमलही करता आला असता.

१९८७ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या अंतर्गत खात्याने काँग्रेसला अहवाल देऊन हा पट्टा तेलासाठी भाड्याने द्यावा अशी शिफारस केली. डिसेंबर २०१७ च्या कायद्याने ती वाट प्रत्यक्ष उघडली आणि नव्या सर्वेक्षणाचे प्रस्ताव आले. १९८४ च्या रेषा एकमेकींपासून कित्येक किलोमीटर दूर होत्या. आजच्या त्रिमितीय सर्वेक्षणात त्या काहीशे मीटरवर येतात, म्हणजे त्याच पट्ट्यावर कितीतरी पट जास्त चाकोऱ्या. आणि दरम्यान उत्तर अलास्कात टुंड्रावरून गाड्या नेण्याचा हंगाम १९७० च्या सुमाराला दोनशे दिवसांच्या वर होता, तो २००० च्या दशकाच्या सुरुवातीला जवळजवळ निम्म्यावर आला होता. तेव्हाचे जोडीचे चौकोन अजून तिथे आहेत, आणि खचलेल्या वाटांत उन्हाळ्यात अजून पाणी साचतं.